सावडीचे तास

देवगाव फाटा
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय राजेश्री,

सप्रेम जय भीम.

फोनवर तू चार वाक्यांनंतर "बरं, ठेवू का?" म्हणतेस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. वसतिगृहात असताना सुट्टीत आपण एकमेकींना लिहायचो, तसंच. शिवाय आमच्या जिनिंगमध्ये फोन गेटवर ठेवूनच आत जावं लागतं. कापसाजवळ ठिणगी नको म्हणून वॉचमन आश्रुबाकाका बिड्या, काड्यापेट्या आणि फोन एकाच पत्र्याच्या डब्यात टाकतात.

हो, आमच्या जिनिंगमध्ये. मला नोकरी लागली. गेटच्या आत डाव्या हाताला एक खोली आहे, तिथे मी हजेरीचं काम बघते. खुर्ची आहे, कॉम्प्युटर आहे, पंखाही आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली आणि खुर्चीवर बसून काम करणारीही पहिलीच. आई याच जिनिंगमध्ये किती वर्षांपासून कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि काडीकचरा वेचते, तुला माहीतच आहे. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं, "शेडमध्ये मला आई म्हणू नको. सुमनबाई म्हण. न्हाईतर लोक म्हणतील, पोरीच्या जिवावर हिची मजा हाय." तेव्हापासून मी तिला कामावर सुमनबाई म्हणते आणि ती मला मॅडम. घरी आल्यावर दोघी हसतो.

आतापर्यंत जादा वेळाचा हिशेब मुकादम बन्सीधर डोक्यात ठेवायचे. ज्याच्यावर मर्जी त्याचे तास भरायचे. आता मालक व्यंकटरावांनी सॉफ्टवेअर आणलं आहे. प्रत्येकीला कार्ड दिलंय. शेडच्या दारातल्या मशीनला कार्ड लावायचं, आत जायचं. बाहेर पडताना पुन्हा लावायचं. माझ्या पडद्यावर प्रत्येकीच्या नावापुढे "शिल्लक तास" असा रकाना येतो. आता कोणावर अन्याय होणार नाही, असं मला मनापासून वाटतंय. पण तो रकाना मला नीट समजत नाही. रोज उशिरापर्यंत थांबणाऱ्या एका बाईच्या नावापुढे वजा दिसतंय. तू पुण्यात दिवसभर हेच तर लोकांना समजावून सांगतेस. मलाही सांग.

तुझी,
सुकेशनी


पुणे
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुके,

जय भीम आणि अभिनंदन. तुला खुर्ची मिळाली आणि ती आमच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरसमोर, म्हणजे आता तुझ्याही कपाळी हा रकाना आला. मी सकाळपासून कानाला हेडफोन लावून अख्ख्या महाराष्ट्राला हेच सांगत असते, तेव्हा तुलाही सांगते.

रांजण डोळ्यांसमोर आण. पाळी संपल्यावर जास्त थांबलं की रांजणात पाणी पडतं. लवकर घरी गेलं किंवा सुट्टी घेतली की उपसलं जातं. पाणी संपलं तरी उपसत राहिलं की वजा. तुमच्या मालकांनी नोंदणी करताना एक नियम निवडला आहे, मी बघितला. वजा एका मर्यादेखाली गेलं की कार्ड आपोआप बंद होतं. मग हंगाम संपेपर्यंत ती बाई कामावर नाही.

तुझ्या त्या बाईचं वजा कशानं आलं असेल ते सांगते. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडताना तिनं कार्ड लावलं आणि परत येताना विसरली. मशीनच्या लेखी ती दुपारीच घरी गेली. याच्या उलटही होतं. आत जाताना लावलं आणि बाहेर पडताना विसरलं, तर माणूस घरी जेवून झोपतो आणि पडद्यावर मात्र तो आतच असतो, दुसऱ्या दिवशीसुद्धा. अशी नोंद तुला पासवर्ड टाकून दुरुस्त करता येईल. त्यासाठी "कारण" म्हणून एक चौकट आहे, ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे लिहिलेलं नंतर कोणालाच पुसता येत नाही. तुला नाही, मालकांना नाही, आम्हालाही नाही. तेव्हा विचार करून लिही.

आणखी एक. पडद्याच्या कोपऱ्यात "आत कोण?" असं बटण आहे. आग लागली, छत पडलं, काही झालं तर ते दाबायचं. आत असलेल्यांच्या नावांचा कागद निघतो. तो घेऊन गेटवर उभं राहायचं आणि हाका मारायच्या. ते अधूनमधून दाबून बघत जा, आणि शेडमध्ये जाऊन बायकाही बघत जा.

तुझी,
राजेश्री


देवगाव फाटा
८ डिसेंबर २०२४

प्रिय राजेश्री,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग ठरवलं की हे एकटीनं समजून उपयोग नाही. जिचे तास आहेत तिला ते कळायला हवेत. म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांना कापसाच्या गंजीच्या सावलीला बसवलं आणि शिकवायला लागले.

तुझा रांजण काही चालला नाही. दगडाबाई म्हणाल्या, "मॅडमबाई, आमच्या घरी रांजणच गळका हाय, त्याचं काय करावं?" सगळ्या हसल्या. त्यांना तू ओळखत नाहीस. आमच्या शेजारी राहतात, जीभ लय तिखट. मशीनला तोंडं दिसत नाहीत हे बरंय, नाहीतर ते आपल्याला बघूनच पळून गेलं असतं, असंही त्या म्हणाल्या. खरं तर तोंड कोणाचंच दिसत नाही. कापसाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून सगळ्या डोक्यावरून तोंडापर्यंत रुमाल गुंडाळतात, फक्त डोळे उघडे. शेडमध्ये गेलं की मला माझी आईसुद्धा पटकन ओळखू येत नाही.

मग मला सावड सुचली. तुमच्या राणीसावरगावाकडेही असते ना? आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. मी म्हटलं, शिल्लक तास म्हणजे तुमची आणि मशीनची सावड. तुम्ही आज जास्त थांबलात, ते मशीनवर चढलं. तुम्हाला अडचण आली की मशीन ते फेडणार. एवढं सांगितलं आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. मला असा आनंद झाला, जसा निकालाच्या दिवशी झाला होता.

गीताबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचे यजमान दत्तराव, त्यांची किडनी गेली आहे. आठवड्यातून तीनदा परभणीला रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं. सोबत दुसरं कोणी नाही. पडद्यावर त्यांचं वजा सगळ्यात मोठं आहे. त्यांनी विचारलं, "सावड हाय तर मग एकीची दुसरीला चालती का?" मी हसून म्हटलं, मशीनला काय, कार्ड कळतं, माणूस कळत नाही.

आईनं संध्याकाळी घरी माझी मीठमोहरीनं दृष्ट काढली. म्हणाली, लय भारी शिकवलीस.

तुझी,
सुकेशनी


पुणे
१७ डिसेंबर २०२४

प्रिय सुके,

तू बायकांना शिकवलंस हे वाचून आमच्या इथल्या साहेबांना सांगावंसं वाटलं. इथे कोणी विचारतच नाही की ज्याचे तास आहेत त्याला कळतंय का.

पण ते शेवटचं वाक्य तू बोलायला नको होतंस. सावडीत जी बाई रानात येते ती सगळ्यांना दिसते. बांधावरून जाणाराही सांगेल, आज अमकीच्या रानात तमकी वाकली आहे. कार्डाचं तसं नाही. तू हसण्यावारी बोललीस, पण ऐकणाऱ्या बाईचा नवरा आजारी आहे. ती हसण्यावारी ऐकणार नाही.

"आत कोण?" दाबून बघितलंस का?

राजेश्री


देवगाव फाटा
२ जानेवारी २०२५

प्रिय राजेश्री,

तुझा अंदाज खरा निघाला. मीच उशिरा बघितलं.

डिसेंबरच्या शेवटी पडद्यावर गीताबाईंचं वजा संपलं आणि अधिक दिसायला लागलं. मला वाटलं सॉफ्टवेअरचं काहीतरी बिघडलं. बाई तर निम्मा आठवडा परभणीला. मग नोंदी उघडल्या. ज्या दिवशी त्या कामावर नव्हत्या, त्या दिवशीसुद्धा संध्याकाळी सहानंतर त्यांचं कार्ड आत गेलेलं.

मी दगडाबाईंना खोलीत बोलावलं. त्या आल्या, दार लावलं आणि माझ्या आधी त्याच बोलल्या. "तूच म्हणली न्हवं, मशीनला माणूस कळत न्हाई? मग तुला का कळायलंय?" सगळं त्यांनीच सांगितलं. पाळी सुटली की एक बाई आपलं कार्ड लावून बाहेर पडते आणि गीताबाईंचं कार्ड लावून परत आत जाते. त्यांच्या नावावर काम करते. बायकांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. म्हणाल्या, "काम होतंय का न्हाई? घाम निघतोय का न्हाई? मग चोरी कुठं हाय?"

खरं सांगू, मला रडू आलं. कॉलेजात आपण समतेवर किती भाषणं केली. या बायकांनी एक शब्दही न बोलता करून दाखवलं. तास खोटे नाहीत, काम खोटं नाही. एका बाईची जागा वाचते आहे. मी कोणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

पाळी कोणाकोणाची असते, ती नावं मी विचारली नाहीत. विचारली असती तर मला माहीत झाली असती, आणि मालकांनी विचारल्यावर खोटं बोलावं लागलं असतं.

तुझी,
सुकेशनी


पुणे
१० जानेवारी २०२५

सुके,

तास खरे आहेत हे मला मान्य आहे. माणूस कोणता आहे, एवढंच विचारते.

डोळ्यांसमोर आण. संध्याकाळची वेळ आहे आणि शेडमध्ये काहीतरी होतं. तू बटण दाबतेस. कागदावर गीताबाईंचं नाव येतं. गीताबाई परभणीला. जी खरोखर आत आहे तिचं नाव कागदावर नाही, कारण मशीनच्या लेखी ती सहालाच घरी गेली. तिला हाक कोण मारणार?

कापूस आहे तो, सुके. तुमच्या गेटवर काड्यापेट्या काढून घेतात त्या उगीच नाही.

हे आजच्या आज थांबव. आणि गीताबाईंसाठी काही करायचं असेल तर मालकांकडे सरळ जा. तू लिहिती-वाचती आहेस, अर्ज कर. आणि तुला नको असतील तरी ती नावं विचार.

राजेश्री


देवगाव फाटा
२६ जानेवारी २०२५

प्रिय राजेश्री,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. वाटलं, पुण्यात राहून तू कंपनीची माणूस झालीस. दोन दिवसांनी राग गेला आणि भीती उरली. म्हणून तू सांगितलंस तसं केलं.

बायकांना पुन्हा गंजीजवळ बसवलं आणि सांगितलं की हे आता बंद. आग लागली तर काय होईल तेही सांगितलं. दगडाबाईंनी कापसाचं एक बोंड उचललं आणि त्यातली सरकी काढत म्हणाल्या, "बरं. तू म्हणतीस तर बंद." सगळ्यांनी माना हलवल्या. आईनंसुद्धा. नावं मात्र मी विचारली नाहीत. आता बंदच झालंय, तर नावांचं काय काम?

मालकांकडे अर्ज घेऊन गेले. व्यंकटराव गोड बोलतात. म्हणाले, "एकीला दिलं तर सगळ्या उद्या नवरे आजारी पाडतील." पण गीताबाईंच्या नावावर जी शिल्लक होती ती रजा म्हणून वापरायला परवानगी दिली. तेवढी मी भरून दिली. ती पुरणार नाही, हे मलाही दिसतंय. दत्तरावांची तब्येत जास्तच बिघडली आहे आणि गीताबाई हल्ली परभणीलाच राहतात. शिल्लक भरभर उतरते आहे.

मधे एकदा त्या परभणीला असताना त्यांचं कार्ड "आत" दिसलं. मग तुझं पहिलं पत्र आठवलं. मागे कधीतरी बाहेर पडताना कार्ड लावायचं राहिलं असणार. मी दुरुस्त केलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं: कार्ड लावायचे विसरल्या.

आईचं वय आता दिसायला लागलंय. संध्याकाळी दगडाबाईंकडे गोधडी शिवायला जाते आणि उशिरा येते. काल तिच्या केसांत कापूस होता. मी म्हटलं, अंघोळ करून गेली होतीस ना? तर म्हणाली, "दिसभराचा कापूस एका तांब्यानं जातोय व्हय?" आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

सध्या जिनिंग जोरात आहे. कापसाची गंजी शेडच्या मागच्या दाराला टेकली आहे.

तुझी,
सुकेशनी


पुणे
७ फेब्रुवारी २०२५

सुके,

तुझा फोन बंद लागतोय. आश्रुबाकाकांचा नंबर मिळवला, त्यांनी एवढंच सांगितलं की आग लागली होती, तू परभणीला दवाखान्यात सुमनमावशीजवळ आहेस आणि तुझा फोन मालकांनी चौकशीसाठी ठेवून घेतलाय. मग त्यांनी फोन ठेवला. माझा भाऊ बालाजी आज रात्रीच्या गाडीनं गावी निघालाय. परभणीला उतरून हे पत्र तुझ्या हातात देईल. कोणाच्या दुसऱ्या हातात देणार नाही, त्याला शपथ घातली आहे.

काल तुमच्या जिनिंगची तक्रार माझ्या पडद्यावर आली. योगायोग नाही, मराठवाड्याचं काम माझ्याकडेच असतं. तक्रार अशी: "कर्मचारी गीताबाई यांची बाहेर पडल्याची नोंद राहून गेली आहे. ४ फेब्रुवारी, सायंकाळी सव्वासहा वाजता बाहेर, अशी दुरुस्ती करावी."

म्हणजे आग लागली तेव्हा त्या कार्डावर आत कोणीच नव्हतं, असं दिसावं. आणि मावशीचं कार्ड आधीच सहाला बाहेर आहे. मी बघितलं.

माझ्या साहेबांनी सोमवारपर्यंत करायला सांगितलंय. मी फाइल अडवून ठेवली आहे, सोमवारनंतर ठेवू शकणार नाही. मी केलं नाही तर शेजारच्या टेबलावरचा करेल. त्याला यात काय आहे ते माहीत नाही. नोंद एकदा बंद झाली की दुसऱ्यांदा बदलत नाही. जो आधी करेल त्याची राहते.

तुझा पासवर्ड अजून चालू आहे, तेही बघितलं.

काय कर ते मी सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं, आणि तू ऐकलंस, आणि तरी हे झालं.

तुझी,
राजेश्री


परभणी
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजेश्री,

बालाजीनं पत्र दिलं. तोंड धुऊन ये म्हणाला, मी आहे इथे. मी गेले आणि पाण्याचा नळ सोडून तसाच वाहू दिला.

काय झालं ते सांगते. संध्याकाळ झाली होती, शेडमधले दिवे नुकतेच लागले होते. एका यंत्रात खडा किंवा खिळा गेला असावा, असं म्हणतात. ठिणगी उडाली आणि कापसानं धरली. कापूस ज्वाळा दाखवत नाही गं, आधी आतल्या आत धुमसतो. धूर बाहेर आला तेव्हा अर्धी गंजी आतून गेली होती. बायका रुमाल तोंडावर धरून पळत बाहेर आल्या. मी बटण दाबलं. कागद निघाला. मी गेटवर उभी राहिले आणि हाका मारायला लागले. एकेक "हाय, हाय" म्हणत गेली.

गीताबाईंच्या नावाला कोणी ओ दिली नाही.

आश्रुबाकाकांनी पोतं पाण्यात बुडवून अंगावर घेतलं होतं. बन्सीधर मुकादमही सोबत निघाले. हे मी विसरणार नाही, तेही निघाले होते. आणि मी त्यांना अडवलं. मी म्हणाले, "गीताबाई परभणीला आहेत. हे मशीनचं चुकलंय, मागंही असंच झालं होतं. उगाच जीव घालू नका."

आश्रुबाकाका थांबले. म्हणाले, "तुमी म्हणता तर खरंच असंल, मॅडम."

मी पुन्हा कागद बघितला. आईचं नाव त्यावर नव्हतं. सहाला बाहेर. मला बरं वाटलं, राजेश्री. आई दगडाबाईंकडे गोधडी शिवत असेल, तिला हे बघावं लागलं नाही, असं माझ्या मनात आलं. आणि त्याच क्षणी मला दिसलं की दगडाबाई समोर उभ्या आहेत. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग शेडकडे, मग बायकांच्या तोंडाकडे. एकेकीचा रुमाल हातानं खाली ओढत होत्या. त्यांना वाटलं होतं, आई मागच्या दारानं निघाली असेल. मागच्या दाराला गंजी टेकली होती, हे मी तुला लिहिलंच होतं.

मग त्या मुकादमासमोरच बोलल्या. "सुके, गीताच्या नावावर आज तुझी आई हाय."

आश्रुबाकाकांनी आत शिरून तिला बाहेर आणलं. दोन्ही हात आणि पाठ भाजली आहे. धूर छातीत गेला आहे. डॉक्टर बघतात, जातात, आणि मी विचारलं तर म्हणतात, थोडं थांबा.

नंतर सगळं कळलं. मी बंद करायला सांगितलं तेव्हा बाकीच्या बायकांनी खरंच बंद केलं होतं. आईनं नाही. गीताबाईंची शिल्लक संपत आली, कार्ड बंद होणार म्हणून ती रोज एकटीच जात होती. दगडाबाईंना म्हणाली होती, "पोरीनंच शिकवलंय, सावड अर्ध्यात सोडायची नसती." आणि मला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. माझ्या नोकरीवर येईल म्हणून.

शुक्रवारी व्यंकटराव दवाखान्यात आले होते. पेरू आणले होते. अगदी हळू आवाजात बोलले. कार्डाप्रमाणे सुमनबाई सहाला गेल्या होत्या, मग पुन्हा आत कशाला शिरल्या हा प्रश्न पोलीस विचारतील, आणि कापूस चोरायला असं कोणी म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. त्यापेक्षा गीताबाईंची राहिलेली नोंद मी दुरुस्त करावी. आतमध्ये कोणी नव्हतंच. आई बाहेरून आग विझवायला धावली आणि भाजली. तसं झालं तर सगळ्या बायकांची कार्डं चालू राहतील. मी शिकलेली आहे, मला कळेल, असं म्हणाले.

ते गेल्यावर आईनं डोळे उघडले. तिनं सगळं ऐकलं होतं. मोठ्या मुश्किलीनं बोलते, प्रत्येक शब्दानंतर थांबते. म्हणाली, "दाब की ते बटन. गीताचं कार्ड राहील."

मी बाहेर जाऊन बाकावर बसले. वरच्या मजल्यावर दत्तराव आहेत. गीताबाई त्यांच्याकडून आईकडे आणि आईकडून त्यांच्याकडे जिना चढत-उतरत असतात. आईला आणलं त्या दिवशी दारात सगळ्यात आधी त्याच भेटल्या. तिकडे पडद्यावर त्या जिनिंगच्या आत होत्या आणि इथे माझ्यासमोर उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी एक शब्दही बोललेल्या नाहीत. मी त्यांना विचारलं, काय करू? त्यांनी पदर तोंडात धरला आणि जिना चढून गेल्या.

रविवारी बालाजीला आईजवळ बसवलं आणि मी फाट्यावर गेले. आश्रुबाकाकांनी काही न विचारता खोली उघडून दिली. माझ्या खुर्चीवरही राख होती. पडदा चालू केला. गीताबाईंचं कार्ड अजून आतच होतं. आग विझली, शेड जळाली, पत्रे वाकून जमिनीला टेकले, आणि त्यांची शिल्लक मात्र त्या दिवसापासून वाढतच होती. इतकी शिल्लक त्या जिनिंगमध्ये कोणाचीच कधी झाली नसेल. मी बघत असतानासुद्धा वाढली.

मी पासवर्ड टाकला. बाहेर पडल्याची वेळ विचारली, तिथे आश्रुबाकाकांनी आईला खांद्यावर घेऊन गेट ओलांडलं ती वेळ घातली. त्यांनीच सांगितली. मग कारणाची चौकट आली. तू म्हणाली होतीस, विचार करून लिही. मी लिहिलं:

"या कार्डावर सुमनबाई काम करत होत्या. त्या आत असताना त्या आत नाहीत असे मी सांगितले. सुकेशनी, हजेरी लिपिक."

आणि बटण दाबलं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगते, मी रडत नव्हते.

सोमवारी बायका कामावर गेल्या. जळालेला कापूस वेगळा करायचं काम होतं. दारातलं मशीन जळालं म्हणून नवीन गेटवर लावलं आहे. आश्रुबाकाका निरोप देऊन गेले, की दगडाबाईंनी कार्ड लावलं आणि लाल दिवा लागला, कार्ड बंद. त्यांच्या मागच्या बाईचंही तसंच झालं, आणि तिच्या मागच्या बाईचंही. सगळ्या गेटबाहेर रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. गीताबाईंचं कार्ड कोणी लावून बघितलंच नाही.

मी आईपासून काहीही लपवून ठेवलं नाही. चौकटीत काय लिहिलं तेही शब्दाशब्दानं सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून ती माझ्या हातून पाणी पीत नाही. गीताबाईंच्या हातून पिते.

उद्या पोलीस तिचा जबाब घ्यायला येणार आहेत. ती काय सांगेल ते मला आज सकाळी कळलं.

पलंगाच्या पायथ्याला जो कागद लटकवलाय तो मी इतके दिवस वाचलाच नव्हता. नाव गीताबाई लिहिलंय. मी नर्सला म्हटलं, हे चुकलंय. ती म्हणाली, चुकलेलं नाही. आणलं तेव्हा शुद्धीवर होत्या, नाव त्यांनीच सांगितलं. मी दुसऱ्या गाडीत मागे होते. मी तिला खरं नाव सांगितलं, आधार कार्ड दाखवलं. तिनं मान हलवली, कागद काढून हातात घेतला आणि म्हणाली, पेशंटला एकदा विचारते.

ती पलंगाजवळ वाकली आणि हाक मारली, "सुमनबाई?"

आई हलली नाही. डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच बघत होते.

नर्सनं कागदाकडे बघितलं आणि पुन्हा हाक मारली, "गीताबाई?"

"हाय," आई म्हणाली.

तुझी,
सुकेशनी